आधी वय, मग सुई

खालच्या जबड्याचं हाड कानापुढून उभं खाली उतरतं आणि कोपरा घेऊन हनुवटीकडं आडवं जातं. त्याच्या उभ्या भागाच्या आतल्या अंगाला, साधारण मध्यावर, एक छोटं छिद्र असतं. खालच्या दातांना संवेदना देणारी नस तिथून हाडात शिरते आणि हाडाच्या पोटातून हनुवटीपर्यंत जाते. या छिद्राच्या तोंडाशी भुलीचं औषध नेमकं पोहोचलं, की त्या बाजूचे खालचे सगळे दात आणि अर्धा ओठ बधिर होतो. छिद्र मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याच्यावर तोंडातलं अस्तर आहे, स्नायू आहे, चरबी आहे. दंतवैद्याला ते खुणांच्या आधारानं गाठावं लागतं. मोठ्या माणसाच्या तोंडात या खुणा जागच्या जागी असतात. एकदा हात बसला की बसला. लहान मुलाच्या तोंडात त्या सरकत असतात. हिंगोली जिल्ह्यात दवाखाना चालवताना ज्या एका गोष्टीचं भान मी क्षणभरही सुटू देत नाही, ती हीच.

तैवानमधल्या संशोधकांनी १९९० साली या छिद्राची जागा वयोगटांनुसार मोजली. तीन वर्षांच्या मुलांत ते दातांच्या चावण्याच्या पातळीपेक्षा सरासरी ४.१२ मिलिमीटर खाली होतं. नऊ वर्षांच्या सुमारास ते त्या पातळीला आलं. मोठ्या माणसांत ते ४.१६ मिलिमीटर वर गेलेलं आढळलं. म्हणजे बालवाडीतल्या मुलापासून त्याच्या बापापर्यंत आठ मिलिमीटरांहून अधिक फरक. सुईच्या टोकाला एवढं अंतर फार आहे. बापाच्या मापानं मुलाला सुई दिली तर औषध छिद्राच्या वर पडतं, दाढ बधिर होत नाही आणि मुलाला टोचल्याचं दुखणं तेवढं मिळतं. म्हणून लहान मुलाला ही सुई मोठ्यांपेक्षा खालच्या पातळीवर द्यायची, हे आम्हाला विद्यार्थिदशेतच शिकवलं जातं.

मला हे पटलं ते मात्र हाडं हातात घेतल्यावर. शरीररचनेच्या वर्गात आमच्यापुढं वेगवेगळ्या वयाचे सुके जबडे मांडलेले असत. नवजात बाळाचा जबडा तळहातावर मावतो. हनुवटीच्या मधोमध तो दोन तुकड्यांत असतो. ते पहिल्या वर्षात एकमेकांना जुळतात. त्याचा उभा भाग इतका बुटका असतो, की कानाकडून हनुवटीकडं येणारं हाड जवळजवळ आडवंच वाटतं. सहा वर्षांच्या जबड्याला कोपरा दिसू लागतो. प्रौढ जबड्यात उभा भाग उंच, रुंद आणि ताठ झालेला असतो. हे जबडे ओळीनं ठेवून प्रत्येकाच्या छिद्रात बारीक तार घालून पाहिली, की छिद्र दातांच्या तुलनेत वर कसं चढत गेलं ते बोटांना कळतं. पुस्तकातले आकडे नंतर विसरले तरी चालतात.

जबडा वाढतो कसा, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं उत्तर शोधणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. १७३६ साली लंडनचे शल्यचिकित्सक जॉन बेल्चिअर यांच्या लक्षात आलं, की मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा रंग खाण्यातून पोटात गेलेल्या डुकरांची हाडं तांबडी होतात. रंग खाण्यात असताना जेवढं नवं हाड बनतं, तेवढंच रंगतं. त्यामुळं नवं हाड कुठं बसतं, ते डोळ्यांनी पाहता येऊ लागलं. जॉन हंटर यांनी ही युक्ती वापरली आणि दातांवरच्या १७७१ च्या आपल्या ग्रंथात खालच्या जबड्याच्या वाढीबद्दल जे मांडलं, ते आजही टिकून आहे: उभ्या भागाच्या मागच्या कडेला नवं हाड बसतं आणि पुढच्या कडेचं हाड झिजून जातं. पावसाळ्यात आमची कयाधू नदी एका काठाची माती खाते आणि दुसऱ्या काठाला गाळ टाकते, पात्र हळूहळू सरकतं. तसा हा उभा भाग मागं मागं सरकतो आणि त्याच्या पुढं दाढांना जागा तयार होते. सहाव्या वर्षीची दाढ, बाराव्या वर्षीची दाढ आणि नंतरची अक्कलदाढ, या सगळ्या या मोकळ्या झालेल्या जागेत येतात. पुढं डेन्मार्कच्या आर्ने ब्यर्क यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मुलांच्या जबड्यात धातूच्या अगदी बारीक पिना बसवून वर्षानुवर्षं एक्स-रे काढले. हाडात रोवलेली पिन हलत नाही, तिच्याभोवतीचं हाड बदलतं. त्यामुळं कुठली कड वाढली आणि कुठली झिजली ते मोजता आलं.

हे सगळं भुलीच्या कामाला थेट लागू पडतं. हाड पुढून झिजतंय आणि मागून वाढतंय, म्हणजे मी अंगठ्यानं चाचपतो ती पुढची कड दरवर्षी वेगळ्या जागी असते. म्हणून मी मुलाच्या तोंडात डावा अंगठा पुढच्या कडेवर ठेवतो आणि त्याच हाताची बोटं गालाबाहेरून मागच्या कडेला लावतो. उभ्या हाडाची पूर्ण रुंदी या चिमटीत येते. तिचा मध्य हे माझं लक्ष्य. सुई विरुद्ध बाजूच्या दुधाच्या दाढांवरून येते, दातांच्या पातळीला किंवा त्याच्या किंचित खाली, मूल जितकं लहान तितकी खाली. साधारण पंधरा मिलिमीटर आत गेल्यावर टोक हाडाला लागतं. मोठ्या माणसात यापेक्षा बरंच खोल जावं लागतं. हाड लागलं की सुई अगदी थोडी मागं घ्यायची, दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं आणि मग औषध सावकाश सोडायचं. एका मिलिलिटरला एक मिनिट. हे मिनिट मुलाला फार लांब वाटतं, म्हणून त्या वेळात मी त्याच्याशी बोलत राहतो. पण घाई करत नाही. भराभर सोडलेलं औषध ताणामुळं जास्त दुखवतं.

सगळे अभ्यास एकमताचे नाहीत, हेही सांगायला हवं. काही संशोधकांना लहान वयातही छिद्र दातांच्या पातळीच्या जवळच आढळलं आहे. सरासरी ही शेवटी सरासरीच. माझ्यापुढं बसलेलं लेकरू सरासरी नसतं. म्हणून आकडे डोक्यात ठेवावेत आणि निर्णय अंगठ्याला विचारून घ्यावा, असं माझं मत आहे. चिमटीत येणारी रुंदी खोटं सांगत नाही.

प्रत्येक मुलाला ही खोल सुई लागतेच असं नाही. वाढतं हाड विरळ असतं, त्याचा बाहेरचा थर पातळ असतो. त्यामुळं दाताच्या मुळाशेजारी हिरडीत दिलेलं औषध हाडातून झिरपून मुळापर्यंत पोहोचतं. मोठ्या माणसाच्या खालच्या दाढेला हे सहसा जमत नाही, तिथलं हाड फार घट्ट असतं. कुणाला हिरडीत द्यायची आणि कुणाला खोल, यासाठी एक साधा हिशेब प्रचलित आहे. मधल्या दातापासून मागं मोजत दुधाच्या दाताचा क्रमांक धरायचा, एक ते पाच. त्यात मुलाचं वय मिळवायचं. बेरीज दहा किंवा कमी आली तर हिरडीत पुरतं; दहाच्या वर गेली तर खोल सुई. पाच वर्षांच्या मुलाची पहिली दाढ म्हणजे चौथा दात, बेरीज नऊ, हिरडीत भागतं. सात वर्षांच्या मुलीची दुसरी दाढ म्हणजे पाचवा दात, बेरीज बारा, छिद्र गाठायला हवं. एवढासा हिशेब, पण त्यात हाडाच्या वाढीचा सगळा इतिहास बसलेला आहे.

आमच्या भागात या हिशेबाला एक मोठी अडचण येते. मुलं उशिरा येतात. आधी लवंग, मग हळद-मीठ, मग औषधाच्या दुकानातली गोळी, आणि गाल सुजला की दवाखाना. सुजलेल्या, पू झालेल्या जागी ऊती आंबट झालेल्या असतात आणि अशा जागी भुलीचं औषध नीट काम करत नाही. मग बेरीज आठ आली तरी हिरडीतल्या सुईचा उपयोग नसतो. सुजेपासून दूर जाऊन नस मूळ जागीच गाठावी लागते. म्हणजे ज्या वयात खोल सुई टाळता आली असती, त्याच वयात, सर्वांत बुटक्या जबड्यात, ती द्यावी लागते. शहरातल्या दंतवैद्यापेक्षा आमच्या सेनगाव-औंढ्याकडच्या दंतवैद्याला वाढत्या जबड्याचं ज्ञान अधिक लागतं, ते या कारणानं.

अशीच एक मुलगी आजीबरोबर आली होती. आई-बाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले, लेकरं आजीपाशी. आजी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, रातभर रडायलंय लेकरू. दुधाचीच दाढ हाय, उपटून टाका एकदाची." मी वय विचारलं. "दसऱ्याला सात झाले," आजी म्हणाली. आमच्याकडं जुन्या पिढीची शाळेतली जन्मतारीख बहुतेक १ जून असते, गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी टाकलेली. सणावरून सांगितलेलं वय त्याहून भरवशाचं. तरी मी तोंडात पाहूनच खात्री करतो. खालचे पुढचे दोन दात पडून नवे आले होते, त्यांची कड अजून करवतीसारखी दातेरी होती. खाली डावीकडं दुधाची दुसरी दाढ आतपर्यंत किडलेली, तिच्या बाजूला हिरडीवर फोड. आणि तिच्या मागं, हिरडीचा पडदा अर्धवट अंगावर घेऊन, एक नवी दाढ वर येत होती.

मी आजीला आरसा धरून ती दाखवली. आजीला वाटलं, तीही दुधाचीच. बहुतेकांना तसंच वाटतं, कारण ही दाढ कुठला दात पडून येत नाही; दुधाच्या सगळ्या दातांच्या मागं, जबडा लांबल्यानं मोकळ्या झालेल्या जागेत ती सहाव्या वर्षी गुपचूप उगवते. ती कायमची आहे. आणि तिच्या पुढची दुधाची दाढ आत्ता काढली, तर ही नवी दाढ पुढं सरकेल आणि दहा-बारा वर्षांच्या वयात येणाऱ्या कायमच्या दाताची जागा खाईल. जागा राखण्यासाठी तारेचं उपकरण बसवता येतं, पण ते वेळोवेळी तपासावं लागतं. "मला दर महिन्याला कोण घेऊन यील बाप्पा?" आजीनं विचारलं. तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून दाढ न काढता तिच्या मुळांवर उपचार करून तिला स्टीलची टोपी बसवायची, असं आम्ही ठरवलं. त्यासाठी भूल पक्की लागणार होती.

हिरडी कापसानं कोरडी केली, बधिर करणारी जेल लावली आणि ती भिनेपर्यंत थांबलो. मुलीला सांगितलं, ओठाला मुंग्या येतील, मग ओठ मोठा झाल्यासारखा वाटेल. खरं तर काहीच मोठं होणार नाही, आरशात बघ. उभ्या हाडाची रुंदी चिमटीत घेतली. सात वर्षांच्या मानानंही उभं हाड अरुंद होतं, म्हणून मी सुई दातांच्या पातळीच्या थोडी खालूनच नेली. हाड लागलं. रक्त नव्हतं. औषध जात असताना ती माझ्या डोळ्यांकडं बघत होती, हलली नाही. काही मिनिटांनी ती म्हणाली, "आज्जी, माझा ओठ फुगला." आजीनं चष्मा सावरून तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "काय बी नाही झालं गं." खालच्या ओठाचा डावा अर्धा भाग, अगदी मधल्या रेषेपर्यंत, बधिर झाला होता. हाच पुरावा मला हवा असतो. ओठ बधिर झाल्याशिवाय मी ड्रिलला हात लावत नाही.

त्याच महिन्यात मी आजीचीही खालची एक हलणारी दाढ काढली. तिच्या त्या बाजूला तेवढीच एक दाढ उरली होती, त्यामुळं दातांची पातळी ही खूण नावालाच होती. दात गेल्यावर त्यांच्याभोवतीचं हाड झिजत जातं, जबड्याची उंची कमी होते आणि हनुवटीजवळ नस बाहेर पडते ते दुसरं छिद्र जवळजवळ वरच्या काठाशी येतं. नातीच्या तोंडात खुणा अजून ठरायच्या होत्या, आजीच्या तोंडात त्या पुसल्या गेल्या होत्या. दोघींसाठी भरवशाची एकच गोष्ट होती, उभ्या हाडाची रुंदी.

वयानं जागा ठरते, मात्रा मात्र वजनानं ठरते. हे दोन हिशेब एकत्र करता येत नाहीत. भुलीचं जे औषध आज सगळीकडं वापरतात ते लिग्नोकेन. स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केलं आणि १९४८ पासून ते बाजारात आलं. मुलांसाठी त्याची कमाल मात्रा किलोला ४.४ मिलिग्रॅम धरावी, असं बालदंतवैद्यकात मानतात. दोन टक्के औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये वीस मिलिग्रॅम असतात. मूल पंधरा किलोचं असेल तर मर्यादा ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिलिलिटर. आता आमच्याकडं औषध तीस मिलिलिटरच्या बाटलीतून दोन मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ओढतात. दोन सिरिंज भरून दिल्या की चार मिलिलिटर झाले आणि मर्यादा ओलांडली गेली. आधी मारलेला लिग्नोकेनचा फवाराही याच हिशेबात धरायचा असतो. मात्रा जास्त झाली तर मूल गुंगतं, बडबडतं, झटके येऊ शकतात. पुस्तकातलं सहा वर्षांचं मूल वीस किलोच्या आसपास असतं. माझ्या काट्यावर त्याच वयाची पंधरा किलोची मुलंही उभी राहतात. म्हणून खुर्चीच्या आधी वजनकाटा. वय ऐकून मात्रा ठरवणं मला धोक्याचं वाटतं, आणि मुलांच्या खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू एकाच दिवशी बधिर करायलाही मी तयार नसतो.

त्याला आणखी एक कारण आहे. दाढेचं काम संपतं तेव्हा ओठ अजून दोन-तीन तास बधिरच असतो. मुलाला ती विचित्र जाणीव सहन होत नाही, ते ओठ चावत बसतं, आणि दुखत नसल्यामुळं किती चावलं ते त्याला कळत नाही. संध्याकाळी ओठ सुजतो, दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरा थर येतो आणि घरचे घाबरतात, सुई पिकली म्हणतात. तो पू नसतो, चावलेली जखम भरून येताना तशी दिसते आणि आठवड्या-दीड आठवड्यात बरी होते. पण टाळता येणारं दुखणं टाळावं. मी गालाआड कापसाचा बोळा ठेवतो आणि आजीला सांगतो, ओठाला चिमटा घेतल्यावर ती ओरडेपर्यंत भाकरी द्यायची नाही, आणि घरी जाईपर्यंत तिच्या तोंडाकडं लक्ष ठेवायचं.

मुलांच्या तपासणीची सोय आज गावापर्यंत पोहोचली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुलांना तपासतात आणि दातांचे आजारही त्यांच्या यादीत आहेत. कीड लहान असताना मूल आलं, तर हिरडीतली उथळ सुई पुरते, पुष्कळदा तीही लागत नाही. उशीर झाला की सुई खोल जाते. दुसरं काहीच करता आलं नाही तरी मुलाला वेळेत आणणं आपल्या हातात आहे.

तेव्हा पालकांना, आणि विशेष करून आजी-आजोबांना, माझी कळकळीची विनंती आहे. "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील," ही धमकी घरात देऊ नका. भ्यालेलं मूल तोंड मिटतं आणि मिटलेल्या तोंडात कुठलीही खूण सापडत नाही. मुलाला सहावं लागलं, की महिन्यातून एकदा उजेडात त्याचं तोंड उघडून शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागं बघा. शाळेच्या तपासणीत दाताची चिठ्ठी मिळाली, तर ती दप्तरात पडू देऊ नका. त्याच आठवड्यात जवळच्या दंतवैद्याकडं जा, आणि जाताना मुलाची खरी जन्मतारीख आणि आजचं वजन एका कागदावर लिहून न्या.